प्रावस्था-परिवर्तन पदार्थांच्या प्रतिरूपणातील भूमिती व जाळीरचना

वितळताना अप्रकट उष्मा साठवणाऱ्या आणि गोठताना तो परत देणाऱ्या पदार्थांचे वर्तन संगणकावर मांडण्यापूर्वी पात्राचा आकार ठरवून त्याचे लहान कोषांत विभाजन करण्याची क्रिया. व्यवहारात या विभाजनाला ‘मेशिंग’ हाच शब्द रूढ आहे. उष्णतावहनाच्या नेहमीच्या प्रश्नात सीमा जागच्या जागी असतात. येथे मात्र घन आणि द्रव यांच्यामधली सीमा सतत सरकते आणि ती कोणत्या क्षणी कोठे असेल, हेच शोधायचे असते. त्यामुळे या कोषांची जाळी कशी बांधली यावर उत्तराचे स्वरूपही अवलंबून राहते.

सरकत्या सीमेच्या प्रश्नाला भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांचे नाव आहे. १८८९च्या सुमारास व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्यांनी ध्रुवीय समुद्रावरील बर्फाची जाडी कशी वाढते याचा विचार केला. वास्कोजवळ हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र असल्याने गोव्यातील वाचकाला या उगमाचे विशेष अगत्य वाटावे. तथापि अग्रमान कोणाचा, याबद्दल एकवाक्यता नाही. लामे आणि क्लापेरॉन यांनी १८३१मध्येच गोठणाऱ्या थराची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असे दाखवले होते, पण प्रमाणाचा स्थिरांक त्यांनी काढला नव्हता. तो फ्रान्त्स नॉयमान यांनी कोनिग्झबर्ग येथील व्याख्यानांत, बहुधा १८६०च्या दशकात, काढला. ती उकल छापून मात्र विसाव्या शतकात आली. नाव स्टेफान यांचे टिकले, तरी नवी जाळी पारखून घेण्यासाठी आजही हाताशी धरावी लागते ती नॉयमान यांची उकल, आणि या विषयापुरते तिलाच अधिक महत्त्व देणे योग्य होय.

भूमिती ठरवताना पहिला प्रश्न येतो तो आकारमानातील बदलाचा. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड पहाटे गोव्यातही बाटलीतले खोबरेल थिजते आणि थिजताना आकसल्याने वर पोकळी पडते. हीच बाटली कोमट पाण्यात उभी केली की तेल आधी काचेलगत सुटते, मधला पांढरा गोळा मोकळा होतो आणि द्रवापेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. तेथे गोळा आणि काच यांच्यामध्ये द्रवाचा अतिशय पातळ थर उरतो व त्या थरातूनच वितळण्याचा वेग वाढतो. भूमितीत वरची हवेची जागा वगळली, तर वाढणाऱ्या आकारमानाला वाव राहत नाही. तळाशी पुरेसे बारीक कोष नसतील, तर तो पातळ थर गणितात उमटतच नाही. व्होलर आणि प्रकाश यांनी १९८७मध्ये मांडलेल्या एन्थाल्पी-सच्छिद्रता पद्धतीत (एन्थाल्पी म्हणजे अप्रकट उष्म्यासह पदार्थात सामावलेली एकूण उष्णता) घन भाग अतिशय कमी सच्छिद्र पदार्थासारखा मानून त्यातला प्रवाह रोखला जातो. जाळी स्थिर ठेवता येते हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, पण तिच्या नेहमीच्या रूपात घन गोळा आहे तेथेच अडकून राहतो. पात्राला चिकटून राहणाऱ्या पदार्थासाठी हे चालते. सुटून बुडणाऱ्या गोळ्यासाठी चालत नाही, आणि हा फरक भूमिती रेखाटण्याच्या टप्प्यावरच ओळखावा लागतो.

कोषांचा आकार ठरवण्यासाठी उदाहरण म्हणून सुमारे २८ अंश सेल्सियसला वितळणारे एन-ऑक्टाडेकेन हे पॅराफिन घेता येईल. त्याचा अप्रकट उष्मा किलोग्रॅममागे सुमारे २४० किलोज्यूल आहे, तर द्रवाची उष्णतावाहकता अवघी ०.१५ वॉट प्रतिमीटर-केल्विन आहे. भिंत ३८ अंशांवर ठेवली, घन भाग आधीच द्रवणांकाला आहे असे मानले आणि केवळ वहनाचा विचार केला, तर वितळसीमा पहिल्या तासात जेमतेम साडेसात मिलिमीटर सरकते. पाव मिलिमीटर रुंदीचा भिंतीलगतचा पहिला कोष सुमारे ४ सेकंदांत वितळतो, एका मिनिटानंतर तेवढ्याच रुंदीच्या कोषाला सुमारे अर्धे मिनिट लागते, आणि तासाअखेरीस तब्बल चार मिनिटे. काळाची पायरी ठरवताना हीच मापे पाहावी लागतात. एका पायरीत सीमेने एकापेक्षा अधिक कोष ओलांडणे इष्ट नाही. द्रवणांक एकच ठेवल्यास सीमा कोषाकोषाने पुढे सरकते आणि तापमानाच्या आलेखात खोट्या पायऱ्या दिसतात. द्रवणांकाऐवजी तापमानाचा अरुंद पट्टा घेतल्यास त्या मऊ होतात, पण पट्ट्याच्या रुंदीत काही कोष तरी मावले पाहिजेत. फक्त उष्ण भिंतीजवळ जाळी बारीक करून पुढे ती विरळ करत जाण्याची सवय येथे घातक ठरते, कारण सीमा शेवटी साऱ्या पात्रातून जाते.

जाळीमुळे निष्कर्षच बदलल्याचे सर्वांत बोलके उदाहरण गॅलियमचे आहे. गाऊ आणि विस्कांता यांनी १९८६मध्ये एका बाजूने तापवलेल्या आयताकृती पात्रात सुमारे २९.८ अंशांना वितळणाऱ्या या धातूची सीमा मोजली. १९८८मध्ये ब्रेन्ट, व्होलर आणि रीड यांनी ४२ × ३२ कोषांच्या जाळीवर जे गणित केले, त्यात द्रवात एकच मोठा भोवरा आला आणि सीमेचा आकार प्रयोगाशी बराच जुळला. पुढच्याच वर्षी डान्ट्झिग यांच्या गणितात अनेक भोवरे दिसले व सीमा नागमोडी झाली. कोणाचे खरे, यावर पुढे दीर्घकाळ मतभेद राहिले. हनून, अलेक्सियाडेस आणि माय यांनी २००३मध्ये जाळी क्रमाक्रमाने बारीक करत नेली, तेव्हा द्विमितीय प्रतिमानाचे खरे उत्तर अनेक भोवऱ्यांचेच असून एकच भोवरा हा विरळ जाळीचा परिणाम आहे, असे त्यांना आढळले. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. मग प्रयोगाशी मेळ बसला कसा, याचे उत्तर बहुधा तिसऱ्या मितीत आहे. पुढे-मागे असलेल्या भिंतींचा परिणाम द्विमितीय भूमितीत येतच नाही आणि नंतरच्या त्रिमितीय गणितांचा कलही तसाच आहे. प्रयोगाशी जुळले म्हणून जाळी पुरेशी आहे असे मानता येत नाही, ते यामुळे.

पॅराफिनसारख्या पदार्थांत हा धोका कमी असतो, तरी द्रवाचा थर जाडावल्यावर अभिसरण, म्हणजे तापलेला द्रव वर चढून फिरू लागणे, सुरू होते आणि सीमा वरच्या बाजूला पुढे झुकते. त्यामुळे जाळीची पारख करताना वितळण्याच्या एकूण वेळेबरोबरच ठरावीक क्षणांच्या सीमारेषा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. एकूण वेळ जुळूनही रेषा वेगळ्या निघू शकतात. उष्णता पसरवणारी धातूची पाती (फिन) बसवलेल्या नळ्यांत सममितीचा आधार घेऊन पात्राचा एखादाच खंड घेण्याची पद्धत आहे. नळी आडवी असेल, तर गुरुत्वामुळे ही सममिती केवळ उभ्या मध्यप्रतलापुरती उरते, म्हणून निदान अर्धी नळी तरी भूमितीत घ्यावी लागते.