ईटीपीच्या फाइलआधी पाण्याचा हिशोब

प्लेटिंग, पिकलिंग, फॉस्फेटिंग अशी धातूवरची रासायनिक कामं करणाऱ्या आणि आमच्याकडून ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, घेणाऱ्या ग्राहकांसाठी

"आमची संमतीची फाइल प्रदूषण नियंत्रण मंडळात कुठे अडकली?" असा फोन आला की आम्ही आधी अर्जातला पाण्याचा आकडा बघतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

१९७४ च्या जल कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी, बांधकाम नंतर. पहिली संमती कारखाना उभारायची आणि दुसरी चालवायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण दोन्ही अर्ज ज्यावर उभे राहतात तो सीएमडीचा आकडा, म्हणजे रोजचे घनमीटर पाणी, अनेक जण अंदाजाने टाकतात. ईटीपी लहान बसावा म्हणून कुणी तो मुद्दाम कमीही लिहितं. मग अर्जात ५ सीएमडी आणि एमआयडीसीचं पाणीबिल महिन्याला ३६० घनमीटर, म्हणजे रोजचे १२. मधल्या ७ घनमीटरचं काय होतं, हे मंडळाचे साहेब विचारणारच. त्याचं उत्तर मिळेपर्यंत फाइल हलत नाही.

बऱ्याचदा लबाडी नसते, विसर असतो. रिन्सचं, म्हणजे माल धुण्याचं पाणी सगळे धरतात. सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणारा) बॅकवॉश, डीएम प्लांटचं (पाण्यातले क्षार काढणारा) रिजनरेशन, स्क्रबरचं (आम्लाच्या वाफा धुणारा) पाणी, फरशी धुणं, टँकर, बोअर, हे राहून जातं. माणशी रोज ४५ लिटर धरले तर चाळीस कामगारांचंच १८०० लिटर होतं, आणि तेही वेगळं दाखवावं लागतं.

आकडा चुकला की प्लांटही चुकतो. क्रोमचं पिवळं पाणी बीकरमध्ये घेऊन आम्ही पीएच अडीचपर्यंत उतरवतो आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतो. बघता बघता पिवळा रंग जाऊन पाणी हिरवट होतं. मग चुन्याने पीएच साडेआठवर नेला की गाळ धरतो आणि तळाला बसतो. टाकीतही हेच घडतं, फक्त पाण्याला तिथे पुरेसा वेळ थांबावं लागतं. ५ सीएमडीच्या टाकीत १२ ढकललं तर पिवळं पाणी तसंच पुढे जातं. या पिवळ्या पाण्यातल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, तिथे नमुना टिकत नाही.

सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाने तोंडी सांगितलेला आकडा धरून आम्हीही प्लांट दिला होता. टाकी कमी पडली, ती आमच्या खर्चाने वाढवून दिली. संमतीचा अर्ज मात्र त्यांना नव्याने करावा लागला, आणि त्यात गेलेला वेळ आम्हाला भरून देता आला नाही. तेव्हापासून फोनवर भाव सांगणं बंद केलं. दुसरीकडे लगेच कोटेशन मिळतं, असं ग्राहक म्हणतात. मिळत असेल. आम्ही आधी सात दिवस मीटर लावून पाणी मोजतो, तुमच्याच पाण्यावर जार टेस्ट, म्हणजे वर सांगितलेली बीकरमधली चाचणी, करतो आणि मग आकार ठरवतो. त्याचे पैसे घेतो, पण ऑर्डर दिलीत तर बिलातून वजा करतो. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचा आकार आणि घातक कचऱ्याच्या अर्जातला स्लजचा, म्हणजे गाळाचा आकडाही याच मोजणीतून निघतो.

येताना गेल्या बारा महिन्यांची पाणीबिलं, टँकरच्या पावत्या आणि जुनं संमतीपत्र असेल तर तेही आणा. मीटरसाठी पाइप कापावा लागतो, म्हणून साप्ताहिक सुट्टीचा वार आधी कळवा.