हिवाळ्यातील मोटारीची पूर्वतयारी : मराठवाडा

थंडीच्या दिवसांत मोटार पहाटे विनाखोळंबा सुरू व्हावी, तिच्या टायरांनी रस्ता नीट धरावा आणि धुक्यात चालकाला पुढचे व इतरांना ती मोटार वेळीच दिसावी, यासाठी हिवाळ्याच्या तोंडावर केलेली तपासणी व दुरुस्ती म्हणजे हिवाळी पूर्वतयारी. बर्फाळ देशांत ही तयारी मुख्यतः गोठण आणि घसरण यांच्याविरुद्ध असते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत, आणि कडाक्याच्या थंडीच्या भागांत इंजिन रात्रभर कोमट राहावे म्हणून त्याला विजेवर चालणारा तापक लावून ठेवतात. मराठवाड्यात यांतले काहीच लागत नाही. म्हणून ‘आपल्याकडे थंडीसाठी गाडीला काय करायचे’ असे सर्रास म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. येथील हिवाळा गाडीला नव्याने फारसा त्रास देत नसला, तरी उन्हाळ्याने आतून पोखरलेले भाग याच ऋतूत उघडे पडतात, आणि वर्षातील सर्वांत अवघड रात्रप्रवासही याच महिन्यांत करावा लागतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मराठवाड्यात दुपारी तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पहाटे ते १०-१२ अंशांपर्यंत उतरते. थंडीच्या लाटेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरातील नोंद ५-६ अंशांपर्यंतही जाते. गोदावरी, दुधना, पूर्णा, मांजरा यांचे काठ, जायकवाडी व माजलगाव धरणांच्या कालव्यांखालचा भिजवणीचा पट्टा आणि कन्नडचा औट्रम घाट येथे पहाटे धुई दाटते. गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो एकाच दिवसातला हा जवळजवळ २० अंशांचा चढउतार. नुसत्या नीचांकाकडे पाहून तो ध्यानात येत नाही.

तयारीची सुरुवात बॅटरीपासून करावी. मोटारीत सामान्यतः शिसे व गंधकाम्ल यांची १२ व्होल्टची बॅटरी असते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२ अंश असताना बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते; त्या उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते, आतील जाळ्या झिजतात आणि प्लेटा निकामी होऊ लागतात. मात्र उष्ण हवेत इंजिन सहज फिरत असल्यामुळे ही झीज तेव्हा जाणवत नाही. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते व बॅटरीची ताकद घटते. २५ अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला ही घट साधारण एक पंचमांश असते, आपल्याकडच्या १० अंशांना त्याहून कमी. निरोगी बॅटरीला ही घट कळतही नाही. पण जी उन्हाळ्यातच अर्धी झाली आहे, ती डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे मान टाकते, आणि दोष थंडीला दिला जातो. त्यामुळे तीन वर्षांहून जुनी बॅटरी दिवाळीच्या सुमारास तपासून घेणे हे मराठवाड्यातील हिवाळी तयारीचे सर्वांत फलदायी काम आहे.

हा बिघाड कानाने ओळखता येतो. पहाटे साडेपाचला किल्ली फिरवताच डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले आणि बॉनेटखालून भराभर ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, तर बॅटरीत जोर उरलेला नाही किंवा तिच्या टर्मिनलची पकड सैल आहे, असे समजावे. दिवे लख्ख राहून एकच ‘टक’ आवाज आला, तर संशय सेल्फवर, म्हणजे स्टार्टर मोटारीवर, घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा दाब सकाळी १२.६ व्होल्टच्या जवळ असावा, १२.२ व्होल्ट म्हणजे ती सुमारे अर्धीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान असला, तर ऑल्टरनेटर बॅटरी नीट भरत आहे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. हे काम करताना ऋण टोकाची वायर आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. टोपणे असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल वॉटर घालावे. मराठवाड्यातील बहुतेक बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येणारे व क्षारयुक्त असते. ते बॅटरीला मारक ठरते.

बॅटरी उतरली की धक्का मारून गाडी चालू करण्याची पद्धत गावोगाव आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ती चालत नाही, आणि नव्या पेट्रोल गाड्यांत न जळलेले इंधन धुराड्यातील शुद्धीकरण यंत्रणेत जाऊन ती खराब होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून आपली गाडी चालू करण्याची जाड तारेची जंपर केबल डिकीत ठेवणे शहाणपणाचे आहे.

इंजिन ऑइल गार झाले की घट्ट होते आणि सेल्फवरचा भार वाढतो. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ या खुणेतील डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो. तो जितका लहान, तितके ऑइल गारठ्यात लवकर वाहते. मराठवाड्याच्या थंडीसाठी ऑइलची जात बदलण्याचे कारण नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ऑइल वेळेवर बदललेले असले, की पुरे. चोक ओढून गाडी दहा मिनिटे उभी तापवण्याची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे. इंधन फवारणीच्या आजच्या इंजिनाला अर्धा-एक मिनिट पुरते, त्यानंतर पहिले काही किलोमीटर इंजिन न ताणता गाडी चालवावी. डिझेल गाडीत किल्ली सेल्फच्या आधीच्या टप्प्यावर आणून वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे. तेवढ्यात हीटर प्लग सिलिंडरमधली हवा तापवतात. घाईने सेल्फ मारत राहिल्यास बॅटरी विनाकारण उतरते. सीएनजीच्या बहुतेक गाड्या गार असताना पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, मराठवाड्यात गोठण्याचा प्रश्न येत नाही, तरी ते काढून नळाचे पाणी भरणे चूकच होय. निम्मे ग्लायकॉल व निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाहीच, शिवाय त्याचा उत्कलनबिंदू जास्त असतो आणि ते गंजही रोखते. येथील गाडीला उपयोग आहे तो या दुसऱ्या दोन गुणांचा.

टायरच्या हवेबाबत मात्र दैनंदिन चढउतार थेट जाणवतो. दुपारी ३० अंशांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेली हवा पहाटे १० अंशांना सुमारे ३० पीएसआय भरते, म्हणजे कुठेही गळती नसताना तीन पीएसआय कमी होतात. पंपावर लांबून गाडी नेऊन तापल्या टायरमध्ये हवा भरली, तर ही तूट आणखी वाढते. हवा सकाळी, गाडी फार चालण्याआधी तपासावी आणि दाराच्या चौकटीवरील तक्त्यातला आकडा त्या गार टायरसाठीच असतो हे ध्यानात ठेवावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सलग सिमेंट रस्त्यावर कमी हवेचा टायर बाजूने सतत दुमडत राहून तापतो व फुटू शकतो. नक्षीची खोली कायद्याप्रमाणे किमान १.६ मिलिमीटर लागते. स्टेपनीची हवा बहुतेकांच्या ध्यानात येते ती पंक्चर झाल्यावरच. ती याच वेळी पाहून घ्यावी.

काचेकडे वळताना प्रथम धुळीचा विचार करावा लागतो. कापूस वेचणीच्या व रब्बीच्या कामांच्या दिवसांत गाडीवर काळ्या मातीची बारीक धूळ बसते, तिच्यावर रात्री दहिवर पडते आणि सकाळपर्यंत काचेवर चिखलाचा पातळ थर तयार होतो. उन्हाने कडक झालेले वायपरचे रबर त्यावर तसेच फिरवले, तर काचेवर कायमचे चरे उमटतात व समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश त्यांत फाकतो. आधी तांब्याभर साधे पाणी ओतावे, मग वायपर लावावा. रबर दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलावे. गार काचेवर कढत पाणी ओतू नये, ती तडकते. काच आतून धुरकटते ती श्वासाच्या बाष्पाने. हाताने पुसल्यास तेलकट पट्टे उठतात. त्याऐवजी बाहेरची हवा आत घेऊन एसी आणि गरम हवा एकत्र काचेवर सोडली, तर ती थोड्याच वेळात निवळते.

मराठवाड्यातील हिवाळी प्रवासाचा सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो, आणि तो उसाच्या वाहतुकीशी निगडित आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्चच्या सुमारास संपतो, म्हणजे धुईचे सगळे दिवस त्यात येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या रुंदीबाहेर गेलेला ऊस, आणि मागचा दिवा असलाच तर लोंबणाऱ्या उसाने झाकलेला, असे हे वाहन रात्रभर ताशी १५-२० किलोमीटर वेगाने चाललेले असते. टायर बसला, की ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. मागे चार दगड आणि बाभळीची एक फांदी ठेवलेली असते, एवढीच खूण. ट्रॉली सकाळी निघून जाते, पण ते दगड पुष्कळदा तिथेच राहतात. ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्यांवर दिवा नसतो, आणि त्या गाड्यांवर माणसे बसलेली असतात. ट्रॉलीवर रेडियमची पट्टी व मागे दिवा लावणे ही वाहनमालकाची व कारखान्याची जबाबदारी आहे, आणि तिच्यात कुचराई होऊ नये.

मोटारचालकाने करायची तयारी साध्या हिशेबावर उभी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक-दीड सेकंद आणि त्यानंतरचे थांबणे धरले, तर कोरड्या रस्त्यावरही सुमारे ६० मीटर अंतर लागते. डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या झोताचा, प्रकाश साधारण ४०-५० मीटरपर्यंतच नीट दाखवतो. अंधारात ८० च्या वेगाने जाणारा चालक म्हणूनच दिसण्याच्या पलीकडे गाडी हाकत असतो. धुक्यात अप्पर, म्हणजे लांबवरचा झोत, लावल्यास प्रकाश धुक्याच्या कणांवरून उलटून डोळ्यांवर येतो, तेव्हा डिपर व खाली बसवलेले फॉग लॅम्प वापरावेत आणि वेग ४० च्या खाली आणावा. उन्हाने पिवळी पडलेली हेडलाइटची प्लास्टिक काच पॉलिश करून घ्यावी. मागे सामान भरल्यावर गाडीचे नाक वर उचलले जाते, त्यामुळे प्रकाशझोत खाली आणण्याचे बटण वापरावे. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाण्याची सवय घातक आहे, कारण वळणार असल्याचा इशारा त्यात हरवतो. ते गाडी थांबल्यावर लावायचे असतात.

सुगी उरकून शेते मोकळी झाली, की उंदीर उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. काही जण तेथे तंबाखूची पाने ठेवतात. खात्रीचा उपाय म्हणजे गाडी कडबा-धान्याच्या खोलीपासून दूर उभी करणे आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणे. मांजरही इंजिनावर झोपते, म्हणून सकाळी किल्ली लावण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, किंवा काचा लावून इंजिन चालू असताना गाडीत झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच मृत्यू येऊ शकतो.

मराठवाड्यातून हिवाळ्यात हिमाचल, काश्मीर किंवा लडाखकडे गाडी नेणाऱ्यांना मात्र बर्फाची तयारी करावी लागते. चाकांना बांधायच्या साखळ्या तेथेच विकत किंवा भाड्याने मिळतात. ७ अंशांखाली साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते. काच धुण्याच्या टाकीतले साधे पाणी गोठते, म्हणून ते बदलून न गोठणारे द्रव भरावे, आणि कूलंटचे प्रमाण निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये मोजून घ्यावे. डिझेलमधील मेण कडक थंडीत साकळते व फिल्टर तुंबतो. यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. येथून भरलेली टाकी डोंगर चढण्याआधीच बऱ्यापैकी संपवून, मुक्कामाआधी त्या भागातील पंपावर डिझेल भरून घ्यावे.