क्षेत्रनिहाय बाजार-अंदाज

येत्या वर्षी शेअर बाजारातील कोणते उद्योगक्षेत्र इतरांपेक्षा जास्त परतावा देईल, याचा आधीच बांधलेला आडाखा. क्षेत्र म्हणजे एकाच धंद्यातील सूचिबद्ध कंपन्यांचा गट: बँका, वाहने, औषधे, धातू, साखर वगैरे. राष्ट्रीय शेअर बाजार यांपैकी प्रमुख गटांचे स्वतंत्र निर्देशांक काढतो.

मराठवाड्याच्या मोंढ्यांत, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारांत, असा विचार करण्याची सवय जुनी आहे. पाडव्याला पंचांगातले संवत्सरफळ ऐकायचे, एप्रिलमध्ये हवामान खात्याचा मोसमी पावसाचा अंदाज पाहायचा आणि सोयाबीन-तुरीचा माल ठेवायचा की काढायचा ते ठरवायचे. शेअरच्या आडाख्यात मात्र मालाच्या भावावर थांबून चालत नाही. तो भाव कोणाचा नफा वाढवतो आणि कोणाचा खातो, इथपर्यंत जावे लागते.

सोयाबीनचेच पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयात शुल्क २० टक्के बिंदूंनी वाढवले. तेल महागले. पामतेल लागणाऱ्या बिस्किट आणि साबण कंपन्यांचा खर्च वाढला. लातूरच्या शेतकऱ्याला मात्र त्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभावही बाजारात मिळाला नाही. सोयाबीनमधून तेलापेक्षा पेंड कितीतरी जास्त निघते आणि पेंडेला उठाव नव्हता. त्याचे एक कारण म्हणजे धान्यापासून इथेनॉल (पेट्रोलमध्ये मिसळायचे मद्यार्क) काढल्यावर उरणारा स्वस्त चोथा, जो पशुखाद्यात पेंडेची जागा घेऊ लागला. एका क्षेत्राला दिलेले प्रोत्साहन दुसऱ्याच्या मुळावर आले, आणि हे फक्त शुल्काचा आकडा वाचून कळण्यासारखे नव्हते.

साखरेतही तेच. २०२३ चा पाऊस मराठवाड्यात तुटपुंजा पडला, ऊस घटणार हे दिसत होते. माल कमी म्हणजे भाव चढा, हे गणित सोपे होते. पण साखर महागू नये म्हणून ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि साखर कंपन्यांचे शेअर कोसळले. आठवडाभरात बंदी काही अंशी सैल झाली. ज्या टंचाईवर तेजीचा अंदाज उभा होता, त्याच टंचाईने सरकारला हात घालायला लावला.

व्याजदर वाढले की गृहबांधणी व वाहने मागे पडतात, हा पुस्तकी नियम. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तरी २०२३ मध्ये निफ्टी रिअल्टी हा गृहबांधणी कंपन्यांचा निर्देशांक सुमारे ८० टक्के वाढला. वाहनांत दुचाकीची मागणी ग्रामीण उत्पन्नाशी बांधलेली असल्याने वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या सुट्या भागांच्या कारखानदाराचे लक्ष व्याजाइतकेच पावसावर असते.

गतवर्षीच्या विजेत्यावर पैसे लावणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. माहिती तंत्रज्ञानाचा निर्देशांक २०२१ मध्ये सुमारे ६० टक्के चढला, २०२२ मध्ये सुमारे २६ टक्के उतरला. चांगली बातमी सर्वांना ठाऊक होईपर्यंत ती भावात शिरलेली असते.

क्षेत्राचा अंदाज बरोबर येऊनही गावातला उद्योग कोरडा राहू शकतो. निफ्टी मेटलमध्ये देशातील बड्या धातू कंपन्या आहेत, तर जालन्यातील सळईच्या कारखान्यांचे गणित भंगाराचा भाव आणि वीजबिल यांवर चालते. २०२१ मध्ये हा निर्देशांक सुमारे ७० टक्के वाढला, तेव्हा भंगारही महागले होते.