धूळ झटकण्यापूर्वी

सकाळी खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत चादर झटकली की हजारो कण तरंगताना दिसतात, आणि घरातल्या एखाद्याला लागोपाठ शिंका सुरू होतात. याला आपण ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणून मोकळे होतो; पण बहुतेकांच्या बाबतीत खरा गुन्हेगार माती नसून डस्ट माइट नावाचा आठ पायांचा सूक्ष्म जीव असतो. नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात हे उघडकीस आणले.

सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा हा माइट चावत नाही. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न, आणि पाणी तो पीतच नाही, हवेतील बाष्प शोषून घेतो. त्यामुळे घाम, ऊब आणि कोंडा एकाच जागी पुरवणारी आपली गादी त्याला आयतीच मिळते. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. तिच्या कणांमध्ये प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) असतात, ती श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल करतात, आणि ज्यांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध आयजीई ही ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडे तयार झालेली असतात त्यांच्या मास्ट पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पेशी, शिंका आणि सूज आणणारे हिस्टामिन हे रसायन सोडू लागतात.

विष्ठेचे हे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेच्या मानाने जडच असतात. झटकल्यावर ते उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतेक खाली बसतात. म्हणूनच कोपऱ्यात महागडा एअर प्युरिफायर लावून माइटचा बंदोबस्त झाला असे समजणे व्यर्थ आहे, कारण नाक रात्रभर उशीला टेकलेले असते. मांजराची गोष्ट वेगळी. त्याचे ॲलर्जीकारक प्रथिन केसांत तयार होत नाही. ते लाळेतून आणि त्वचेतील ग्रंथींतून येते, त्याचा बराच भाग ५ मायक्रॉनहून बारीक कणांवर स्वार होऊन तासन्‌तास हवेत राहतो आणि कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरांतही पोहोचतो. तिथे चांगल्या फिल्टरचा थोडाफार उपयोग होतो.

माइटसाठी चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्याने विष्ठा निघून जाते, पण माइट बरेचसे जिवंत राहतात. मऊ खेळणी २४ तास फ्रीजरमध्ये ठेवल्यास माइट मरतात, मात्र त्यांची प्रथिने तशीच राहत असल्याने खेळणी नंतर धुवावीच लागतात. घरातील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट आणि बुरशी या दोघांचीही वाढ खुंटते. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, आणि तेही शक्यतो दमेकऱ्याने करू नये. गादीच्या घट्ट विणीच्या खोळींचा मात्र जरा अतिच गाजावाजा झाला आहे: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारांहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवरील चाचणीत नुसत्या खोळींनी दमा सुधारल्याचे दिसले नाही.

सिगारेटचा धूर, अत्तरे आणि फवारे हे तर ॲलर्जीकारक नव्हेतच. आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना ते थेट डिवचतात, म्हणून ॲलर्जीची चाचणी निर्दोष आलेल्या रुग्णालाही त्यांनी धाप लागू शकते. त्वचेवर टोचून केली जाणारी ही चाचणी पंधरा-वीस मिनिटांत कळते, तेव्हा खोळी, प्युरिफायर वगैरेंवर खर्च करण्याआधी ती करून घेणे शहाणपणाचे. यातले सारे काही केले आणि खोकला थांबला, तरी स्टेरॉइडचा नियमित पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. लक्षणे दिसेनाशी झाल्यानंतरही श्वासनलिकांच्या आतील सूज टिकून असू शकते.