'सालो'मुळे पासोलिनीचा खून झाला? तारखा बघा जरा

'सालो' हा इटालियन पिक्चर, ज्यात फॅसिस्ट सत्ताधारी तरुण मुलामुलींना कोंडून त्यांचा छळ करतात, तो बघून लोक एवढे भडकले की दिग्दर्शक पासोलिनीलाच मारून टाकलं, ही स्टोरी वर्षानुवर्षं फिरतेय. अहो, त्याचा खून झाला २ नोव्हेंबर १९७५ ला, रोमजवळ ओस्तियात, आणि पिक्चर लोकांनी पहिल्यांदा पाहिला त्यानंतर, त्याच महिन्यात पॅरिसला, मग न पाहिलेल्या पिक्चरवर प्रेक्षक भडकणार कसे? खुनामागे कोण यावर अजून वाद आहे, तो वेगळा विषय. आणि पिक्चरमध्ये त्या मुलामुलींना खायला लावतात ती विष्ठा खरी नव्हती, चॉकलेट न मार्मालेड होतं ते (तरी मला बघवत नाही). खरा वाद हा की फॅसिझमची सत्ता माणसाच्या शरीराची वस्तू करते हे दाखवायला एवढा छळ पडद्यावर हवाच का, मला तरी वाटतं हवा, कारण तो छळ बघताना मजा येऊच देत नाही पासोलिनी.