मर्ज म्हणजे बुडणे : मिसळण्याच्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

१ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. देना बँक १९३८ सालची, मुंबईची. तिचे खातेदार एकमेकांना सांगत होते, ‘आपली बँक मर्ज झाली.’ सरकारी योजनेच्या नावात शब्द होता ‘अमाल्गमेशन’. मराठीत दोन्हींना आपण ‘विलीनीकरण’ म्हणून मोकळे होतो. या तीन शब्दांच्या पोटात मात्र तीन निराळी चित्रे आहेत. एकात कोणी बुडते, दुसऱ्यात पाऱ्यात धातू कालवला जातो, तिसऱ्यात तूप वितळते.

‘मर्ज’चे मूळ लॅटिनमधले ‘मेर्गेरे’, म्हणजे पाण्यात बुडवणे किंवा बुडी मारणे. बुड्या मारून मासे पकडणाऱ्या पक्ष्याला रोमन लोक ‘मेर्गुस’ म्हणत आणि तशा बदकांच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव आजही तेच आहे. बुडालेले वर आले की ‘इमर्ज’ होते आणि न सांगता एकदम वर आलेली गोष्ट म्हणजे ‘इमर्जन्सी’. याच मूळ धातूची संस्कृत बहीण आहे ‘मज्ज्’. आपले ‘मग्न’ आणि ‘निमग्न’ तिच्यातूनच आले. वाचनात मग्न झालेला माणूस आणि मर्ज झालेली बँक शब्दार्थाने एकाच पाण्यात उतरलेले आहेत, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

बुडण्याचा हा शब्द व्यापारात आला तो वकिलांच्या हातून. समजा, एकाकडे एक शेत वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने आहे. मुदत संपायच्या आत त्याने तेच शेत विकत घेतले. आता भाडेकरूही तोच आणि मालकही तोच. स्वतःलाच भाडे कोण देणार? इंग्रजी कायद्याचे उत्तर असे, की भाडेपट्ट्याचा लहान हक्क मालकीच्या मोठ्या हक्कात ‘मर्ज’ होतो. विल्यम ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने इंग्लंडच्या कायद्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १७६६ साली, याचा अर्थ स्वच्छ लिहून ठेवला आहे : लहान हक्क मोठ्यात गडप होतो, बुडतो. दोघे मिळून तिसरे काही घडावे, असे त्या शब्दात अभिप्रेतच नव्हते. एक उरतो आणि एक नाहीसा होतो. ‘मर्जर’ या नामातला शेवटचा ‘र’सुद्धा इंग्लंडच्या कोर्टांत वापरल्या जाणाऱ्या जुन्या फ्रेंचमधल्या क्रियापदाचा आहे. कंपन्यांच्या एकत्रीकरणासाठी हे नाम रुळले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

‘अमाल्गम’ हा किमयागारांचा शब्द. पाऱ्यात दुसरा धातू मिसळून जो लगदा होतो तो अमाल्गम. दंतवैद्य दाढेत जे चांदीच्या रंगाचे सिमेंट भरत, त्यातही साधारण निम्मा पारा असतो. नदीच्या वाळूतले सोन्याचे कण धरायलाही पारा वापरतात : पारा सोन्याला कवटाळतो, मग तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोने मागे राहते. ही वाफ विषारी असते आणि हे काम करणाऱ्यांच्या शरीराची तिने फार हानी केली आहे. शब्दार्थापुरते पाहायचे तर अमाल्गममधून सोने परत मिळते. देना बँकेचे नाव परत मिळणारे नव्हते. म्हणून मला वाटते, त्या दिवशी सरकारी कागदापेक्षा खातेदारांचा शब्द अधिक खरा होता.

‘मिक्स’ची गोष्ट वेगळी आणि आपल्या ताटाजवळची. लॅटिन ‘मिस्केरे’चे भूतकालवाचक रूप ‘मिक्स्तुस’, त्यावरून फ्रेंच ‘मिक्स्त’. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा शेवटच्या ‘त’मुळे लोकांना ते इंग्रजी भूतकाळाचेच रूप वाटले. मग त्याचे ‘मिक्स्ड’ झाले आणि त्यातून मागे जात ‘मिक्स’ हे क्रियापद तयार झाले. आधी झालेले मिश्रण आले, मिसळण्याची क्रिया नंतर. लॅटिनचे हे ‘मिस्केरे’ आणि संस्कृतचे ‘मिश्र’ एकाच कुळातले. आपली मिसळ त्याच घरची. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणे या अर्थाचे ‘मेडल’ही त्यातलेच. आधी त्याचा अर्थ नुसता मिसळणे असा होता.

‘ब्लेंड’ उत्तरेकडून, बहुधा स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांच्या बोलीतून आला. ‘मिंगल’ हा जुन्या इंग्रजीचा घरचा शब्द. ‘अमंग’ याच्याच नात्यातला : घोळक्यात असणे म्हणजे मिसळलेले असणे.

सर्वांत सुंदर नाते ‘फ्यूज’चे आहे. लॅटिन ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणे, धातू वितळवून साच्यात ओतणे. ‘फाउंड्री’ त्यातूनच. दोन गोष्टी एकत्र ओतल्या आणि कोणती कुठली ते कळेनासे झाले, की ‘कन्फ्यूज’. घरातल्या विजेच्या बोर्डातला फ्यूज याच अर्थाचा, कारण प्रवाह जास्त झाला की त्याची तार वितळते. (फटाक्याच्या वातीचा फ्यूज मात्र वेगळा. तो ‘चाती’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून इटालियनमार्गे आला.) या ओतण्याच्या मूळ धातूचे संस्कृत रूप आहे ‘हु’, ज्यातून होम, हवन, आहुती हे शब्द आले. होमात ओततात ते वितळलेले तूप, आणि तुपाच्या त्या पातळ अवस्थेला संस्कृतात ‘विलीन’ म्हणत.

‘विलीनीकरण’ महाराष्ट्राच्या राजकारणात खोल गेले ते संस्थानांमुळे. १९४७ च्या सामीलनाम्याने राजांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय भारताकडे दिले. संस्थान उरले, राजा उरला. इंग्रजी कागदांत त्याला ‘ॲक्सेशन’ म्हटले होते. ‘मर्जर’ ही पुढची पायरी होती आणि तिच्या करारात राज्यकारभाराचे सगळे अधिकार सोडावे लागत. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, बडोदा १ मे रोजी. करार लिहिणाऱ्यांना भाडेपट्ट्यांच्या खटल्यांतला जुना अर्थ नीट ठाऊक असणार. छत्रपतींचे संस्थान त्या तारखेनंतर जिल्हा झाले.

आज फोनवर ‘मर्ज कॉल्स’ दाबले तर दोन्ही माणसे बोलत राहतात, कोणी बुडत नाही. प्रोग्रामर मंडळी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या, २००५ साली आलेल्या ‘गिट’ या प्रणालीत कामाच्या दोन वेगळ्या शाखा मर्ज करतात, तेव्हा दोन्ही शाखांचा मागचा सगळा इतिहास जसाच्या तसा जपला जातो.