पार्श्वभूमी : परवाना एकाचा, बैठक चौघांची

पुण्यात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी 'दारू पिणे' हे क्रियापद फारसं येत नाही. 'आज बसायचं का?' एवढंच विचारलं जातं. मग काँट्री निघते, क्वार्टरचा हिशेब होतो, आणि जो फक्त कोल्ड्रिंक घेणार त्याच्याकडून चकण्याचे पैसे घ्यायचे का यावर वाद होतो. न पिणाराही बैठकीला असतोच. गाव सोडून आलेल्याला रूम पार्टनर, नोट्स आणि अडीअडचणीला उसने पैसे याच वर्तुळात मिळतात. कायद्याला मात्र ही बैठक कधी दिसलीच नाही. त्याला दिसतो एकटा पिणारा आणि त्याच्याकडचा दारू पिण्याचा परवाना.

हा परवाना 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातला. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायदा आजही आहे. 'परमिट रूम' ही पाटी त्याचीच खूण. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांचा, देशीचा 2 रुपयांचा. वाइन शॉपच्या गल्ल्याशेजारी त्याचं पुस्तक असतं. गिऱ्हाईक वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली सॅकमध्ये टाकून निघून जातं, पुस्तक उघडलं जातं ते बहुधा नंतर.

अशा व्यवस्थेवर 2011 मध्ये राज्याचं व्यसनमुक्ती धोरण आलं आणि वयाचा वाद पेटला. बिअरला 21, कडक दारूला 25. मतदान 18 व्या वर्षी, मुलाचं लग्न 21 व्या वर्षी. म्हणजे नवरदेवाने स्वतःच्या लग्नात बिअर घ्यावी, व्हिस्कीसाठी चार वर्षं थांबावं, अशी थट्टा झाली. एक अभिनेता या मर्यादेविरुद्ध उच्च न्यायालयातही गेला. मर्यादेच्या बाजूचे म्हणत, कोवळ्या वयात सुरुवात झाली की सवय सुटणं अवघड. ते खरंच आहे. पण 25 म्हणजे पदवी, पदव्युत्तर आणि बहुतेकांची पहिली नोकरीही उरकलेली. अख्खं कॉलेजजीवन एका रेघेने बेकायदा ठरलं, आणि रेघ एवढी लांब ओढली की ती कुणीच मनावर घेतली नाही. बिअर-व्हिस्कीतला फरकही कागदावरच; बैठकीत 19 चा आणि 26 चा एकाच बाटलीतून घेतात, आणि बाटली आणायला 26 च्यालाच पाठवतात.

अमली पदार्थांची वाट वेगळी. 1985 च्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत आणले, पण गांजाच्या व्याख्येतून पानं वगळली. म्हणून भांग वाचली. 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी रेव्ह पार्टीवर छापा पडला, अडीचशेहून जास्त तरुण-तरुणी ताब्यात घेतल्या गेल्या, आणि बातम्यांत मुलींची संख्या आवर्जून वेगळी दिली गेली. मुलगे बिघडले होते, मुलींमुळे मात्र संस्कृती बुडाली. त्यानंतर आलं मेफेड्रोन हे कारखान्यात बनणारं रासायनिक ड्रग, म्हणजे एमडी, म्हणजे 'म्याव म्याव'. फेब्रुवारी 2015 पर्यंत ते केंद्रीय कायद्याच्या यादीतच नव्हतं. पुढे 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या एका कारखान्यातून त्याचा प्रचंड साठा निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणीनगरात 17 वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला आणि पबमध्ये अचानक ओळखपत्रं तपासली जाऊ लागली. 25 ची मर्यादाही तेव्हाच आठवली, हे विशेष.

आकडे मागितले तर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीकडे बोट दाखवलं जातं: 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक दारू घेतात. त्यातले मुख्य गट दोनच, 10 ते 17 आणि 18 ते 75. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि त्याचे आजोबा एकाच गटात.

1985 च्या कायद्यातच 64-अ हे कलम आहे. अमली पदार्थांचं व्यसन असलेला स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, आणि गुन्हा सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगण्याचा असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर हे कलम मी तरी लावलेलं पाहिलं नाही. तिथे 'आढळल्यास प्रवेश रद्द' एवढंच असतं, खाली रेक्टरची सही.